कासदाह पुन्हा पुन्हा का उद्भवतो? दुभत्या शेळ्या-मेंढ्यांच्या कळपात कारण शोधण्याचा क्रम

एकीची कास औषधाने उतरते, तोवर दुसरीची सुजते. थोडे दिवस बरे जातात आणि पहिलीच्याच दुधात पुन्हा गुठळ्या दिसतात. कळपात हे चक्र सुरू झालं असेल तर दोष त्या एका शेळीत शोधून उपयोग नाही. जंतू सडाच्या टोकापर्यंत कोणत्या वाटेने पोचतो, हे शोधावं लागतं. ती वाट उघडी असेपर्यंत सडात सोडायच्या औषधाच्या ट्यूबा आणि इंजेक्शनं फक्त खर्ची पडतात. असे अनेक कळप मार्गी लावल्यावर मी तपासणीचा एक क्रम पक्का केला आहे. आधी ज्याला फक्त हात, डोळे आणि शिस्त लागते ते, पैसे लागणारं त्यानंतर. बहुतेक कळपांत कारण पहिल्या काही पायऱ्यांतच सापडतं.

लक्षणं

उघड कासदाह ओळखायला सोपा असतो. कासेचा एक भाग गरम, लालसर, दगडासारखा घट्ट होतो आणि जनावर तिथे हात लावू देत नाही. दूध पाण्यासारखं पातळ किंवा पिवळट येतं, त्यात गुठळ्या, तारा, कधी रक्त दिसतं. मेंढीत लोकरीमुळे कास पटकन नजरेत येत नाही, म्हणून तिची चाल बघा. मागच्या एका पायाने लंगडते किंवा पाय फाकवून चालते, पण खुरात काहीच सापडत नाही, तर दुखणं कासेत असण्याची शक्यता मोठी. मांडी कासेला घासते म्हणून ती तसं चालते. कोकरू सतत ओरडत असेल, पोट आत गेलेलं असेल आणि आई त्याला पिऊ देत नसेल, तर आधी आईची कास तपासा.

छुपा कासदाह मात्र दिसत नाही, आणि कळपात तोच जास्त असतो. दूध दिसायला स्वच्छ, पण हळूहळू कमी होत जातं, लवकर नासतं, चवीला किंचित खारट लागतं. कासेचा एक भाग दुसऱ्यापेक्षा लहान दिसू लागतो. याच जनावरांकडून जंतू बाकीच्यांना मिळत राहतो.

काही गोष्टी कासदाहासारख्या दिसतात, पण तो नसतो. पहिलटकरणीची कास व्याण्याच्या सुमारास दोन्ही बाजूंनी फुगते, बोट दाबलं की खड्डा राहतो, दूध मात्र चांगलं असतं. ही नुसती सूज, ती उतरते. व्याल्यानंतर थोडे दिवस दूध गुलाबीसर आलं, पण कास गरम नाही, दुखत नाही, तर बहुधा बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात. याउलट, व्याल्यापासूनच कास दोन्हीकडे टणक आहे, गरम नाही आणि दूध जवळपास नाहीच, तर विषाणूचा संशय घ्या: शेळ्यांमध्ये सीएई (कॅप्राइन आर्थ्रायटिस एन्सेफलायटिस), मेंढ्यांमध्ये मेडी-विस्ना. यावर प्रतिजैविकं चालत नाहीत. रक्ततपासणीच करावी लागते.

पुढे वाचण्याआधी एक अपवाद

कासेचा भाग गार पडला आहे, निळसर किंवा काळपट दिसतोय, धारेतून लाल पाणी येतंय, जनावर खात नाही, मान टाकून बसलं आहे: हा सडणारा कासदाह आहे. खालची कोणतीही तपासणी करत बसू नका, लगेच पशुवैद्यकांना बोलवा. रात्र असली तरी. इथे कास बहुधा वाचत नाही, प्रश्न जनावराच्या जिवाचा असतो आणि तो काही तासांत ठरतो. नुसता ताप ४०.५ अंश सेल्सिअसच्या वर गेला असेल तरी हेच.

पहिली तपासणी: नोंदी

हिला एका वहीपलीकडे काही लागत नाही, आणि हीच सगळे टाळतात. प्रत्येक केसपुढे एवढं लिहा: कोणतं जनावर, डावा भाग की उजवा, कितवं वेत, व्याल्याला किती दिवस झाले, त्या दिवशी धार कुणी काढली आणि धारेच्या रांगेत त्या जनावराचा नंबर कितवा होता. कासेचे दोन्ही भाग आतून पूर्ण वेगळे असतात, एकातलं दूध दुसऱ्यात जात नाही. म्हणून बाजू लिहिणं महत्त्वाचं.

चार-सहा नोंदी झाल्या की कारण कुठे शोधायचं ते कळू लागतं. व्याल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांतच केसेस होत असतील तर आटवण्याचा काळ (व्यायच्या आधी धार थांबवतो तो) आणि व्यायची जागा बघा. वेताच्या मध्यात एकामागून एक हळूहळू वाढत असतील तर जंतू धार काढताना पसरतोय. त्याच शेळीचा तोच भाग पुन्हा पुन्हा येत असेल तर तो नवा आजार नाही, जुनाच आत दबून राहिला आहे. फक्त पिल्लं पाजणाऱ्या माद्या आजारी पडत असतील तर पिल्लांकडे वळा. आणि थोड्याच दिवसांत अचानक बऱ्याच जनावरांना जोराचा कासदाह झाला, तर पाणी, ओली जागा किंवा दूषित झालेलं सडबुडवणीचं औषध तपासा. स्यूडोमोनास नावाचा जंतू पाण्याच्या नळीत आणि घाणेरड्या कपात मजेत राहतो, साध्या औषधांना दादही देत नाही.

दुसरी: हात, काळी वाटी आणि धुण्याची पावडर

धार काढून झाल्यावर रिकामी कास दोन्ही हातांनी एकाच वेळी चाचपा. भरलेल्या कासेत गाठ लागत नाही, रिकाम्या कासेत लागते. दोन्ही भाग सारखे मऊ हवेत. एकात गाठ, कडकपणा किंवा लहानपणा जाणवला तर त्या जनावरावर खूण करा.

रोज प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या तळाच्या वाटीत घ्या. पांढऱ्या भांड्यात बारीक गुठळी दिसतच नाही. या धारांत जंतूंचं प्रमाण सर्वांत जास्त असतं, म्हणून त्या जमिनीवर कधीच टाकू नका. जमिनीवर पडलेलं दूध थोड्या वेळात दुसरीच्या कासेला लागतं.

छुप्या कासदाहासाठी तयार सीएमटी (कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट, म्हणजे कासदाहाची परीक्षा) द्रावण मिळतं. ते नसेल तर एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम कपडे धुण्याची साधी पावडर विरघळवा. एका भागाचं दूध आणि तेवढंच द्रावण उथळ पांढऱ्या वाटीत गोल फिरवा. दुधात दाहाच्या पेशी जास्त असल्या तर साबण त्या फोडतो, आतला डीएनए बाहेर येतो आणि मिश्रण जेलीसारखं घट्ट होतं. मात्र शेळीच्या बाबतीत हा निकाल जपून वाचा. तिच्या दुधात निरोगी असतानाही पेशी आणि पेशींचे तुकडे जास्त असतात, वेताच्या शेवटी आणि माजावर असताना तर आणखी वाढतात. दोन्ही भाग सारखेच किंचित घट्ट झाले म्हणजे लगेच कासदाह नव्हे. एक भाग पातळ आणि दुसरा जेली, हा फरक खरा. मेंढीत निकाल अधिक सरळ असतो. चिकाच्या दिवसांत ही परीक्षा करूच नका, चीक हमखास घट्ट होतो.

तिसरी: धार काढण्याची पद्धत

इथे वेळ द्या. वेताच्या मध्यात पसरणाऱ्या कासदाहाचं मूळ मला सर्वांत जास्त वेळा इथेच सापडलं आहे.

सुरुवात कास धुण्यापासून. सगळ्या कासेवर पाणी ओतून धुतली की स्वच्छ वाटते, पण प्रत्यक्षात केसांतली आणि वरच्या कातडीवरची घाण पाण्याबरोबर ओघळून नेमकी सडाच्या टोकाशी जमते. ओल्या सडाची धार म्हणजे त्या पाण्याचे थेंब भांड्यात आणि सडाच्या भोकावर. कास कोरडी आणि स्वच्छ असेल तर धुऊ नका. सडाला लेंडी-माती लागली असेल तर फक्त सड धुवा आणि पूर्ण कोरडा पुसा. धारेआधी सड औषधात बुडवत असाल तर ३० सेकंद थांबून पुसा. एका जनावराला एक फडकं किंवा एक कागद, दुसरीला नवा. बादलीत बुडवून सगळ्यांना फिरणारं एकच फडकं हा कळपभर जंतू वाटण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. कासेवरचे लांब केस कापून टाका, घाण धरायला जागा राहत नाही.

मग हात. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा चिवट जंतू माणसाच्या भेगाळलेल्या हातावरही राहतो. नायट्राइलचे हातमोजे घाला, ते दर जनावरानंतर धुता येतात. बोटं दुधात किंवा तेलात बुडवून धार काढायची सवय असेल तर आजच सोडा. धार कोरड्या हाताने काढायची.

सड ओढायचा नसतो. अंगठा आणि तर्जनीने वरून सड बंद करायचा आणि बाकीची बोटं एकामागून एक मिटत दूध खाली ढकलायचं. अंगठा आत दुमडून त्याच्या सांध्यावर सड चेपला की आतलं अस्तर दुखावतं, आणि दुखावलेल्या अस्तरावर जंतू लगेच ठाण मांडतो. शेवटचा थेंब निघेपर्यंत पिळत बसणंही तितकंच वाईट. कास मोकळी करा, पण सडाला छळू नका.

धारेचा क्रम ठरवून टाका: आधी पहिलटकरणी, मग निरोगी मोठी जनावरं, मग संशयित, सर्वांत शेवटी उपचार सुरू असलेली. आळसाने हा क्रम मोडला की आधीची सगळी मेहनत वाया जाते.

धार संपली की लगेच सड औषधात बुडवा. सडासाठी बनवलेलं ०.५ ते १ टक्का आयोडीनचं, ग्लिसरीन असलेलं तयार औषध उत्तम. अंदाजाने पाणी घालून पातळ केलेलं जंतुनाशक एकतर काम करत नाही, नाहीतर कातडी जाळतं. फवाऱ्यात सडाची मागची बाजू कोरडी राहते, म्हणून मी बुडवण्याच्याच बाजूचा आहे. कपात लेंडी पडली किंवा औषध गढूळ झालं की ओतून टाका, उरलेलं परत बाटलीत ओतू नका, कप रोज धुवा. याची गरज अशी की धार झाल्यावर सडाचं भोक अर्धा तास तरी सैल राहतं. त्याच कारणाने धारेनंतर ताजा चारा समोर टाका. जनावर खात उभं राहतं आणि उघड्या सडाने ओल्या जमिनीवर बसत नाही. फुकटात मिळणारं यापेक्षा चांगलं औषध मला माहीत नाही.

या पायऱ्या नेटाने पाळून तीन ते चार आठवडे नवीन केसेस मोजा. जुन्या जनावरांवरून निष्कर्ष काढू नका, ती आधीच बाधित आहेत. नव्या थांबल्या का, एवढंच बघायचं.

चौथी: बसायची जागा

जनावरं जिथे रात्री बसतात तिथे गुडघा टेकून अर्धा मिनिट थांबा. कपडा ओला झाला तर कासही रात्रभर ओलीच असते. ई. कोलायसारखे जंतू अशा जागेत वाढतात. ओला थर काढा, कोरडं अंथरा, पाण्याची गळकी टाकी बसायच्या जागेपासून लांब न्या, गर्दी कमी करा. ओल तशीच ठेवून वर चुना भुरभुरवला तर फक्त रंग बदलतो, आणि चुना जास्त झाला की सडाची कातडी फुटते. व्यायची जागा वेगळी आणि दर वेळी नव्याने कोरडी केलेली हवी. फळ्यांचा माच असेल तर वर आलेले खिळे आणि फटीत साठलेली लेंडी बघा. लोंबत्या कासेच्या शेळ्या उंबऱ्यावर आणि कुंपणावर सड फाडून घेतात. अशी जखम दिसली तर आधी ती वस्तू काढा, मग मलम.

पाचवी: सडाची कातडी, पिल्लं आणि खुराक

सडावर खपल्या, फोड, भेगा असतील तर कासदाहाचं दार उघडंच आहे. करडांच्या ओठांवरही तशाच खपल्या असतील तर तो ऑर्फ, म्हणजे सांसर्गिक तोंडाचा आजार असू शकतो. तो माणसालाही होतो, मोजे घालूनच हात लावा. भुकेलं पिल्लू सडाला चावे घेतं, आणि पिल्लू भुकेलं राहतं कारण आईला दूध पुरत नाही. जुळं पाजणाऱ्या, गाभणपणाच्या शेवटी उपाशी राहिलेल्या मेंढ्यांत हे फार दिसतं. मॅनहायमिया हा मेंढ्यांत जोराचा कासदाह करणारा जंतू कोकरांच्या घशात राहतो. एक कोकरू चार आयांना लुचत फिरत असेल तर तो जंतू चौघींना देतं. आईचा खुराक वाढवा, कमी पडणाऱ्या पिल्लाला बाटलीने दूध द्या आणि चोरून पिणाऱ्यांना वेगळं काढा.

सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वाची कमतरता असली की कास जंतूंशी झुंजण्यात मागे पडते. पण सेलेनियमचं इंजेक्शन अंदाजाने देऊ नका, गरजेच्या आणि विषारी मात्रेत अंतर थोडं असतं. आणि मेंढ्यांना गाईंचं किंवा शेळ्यांचं खनिज मिश्रण घालू नका. त्यातलं तांबं मेंढीच्या यकृतात साठून तिला मारू शकतं.

सहावी: यंत्राने धार काढत असाल तर

नळ्या काढल्याबरोबर सडाचं टोक बघा. निळसर, चेपलेलं, वरती वळ उमटलेलं किंवा टोकाला पांढरी कडक कडी झालेली असेल तर यंत्र सड दुखावतंय. शेळ्या-मेंढ्यांना साधारण ३६ ते ४० किलोपास्कल निर्वात दाब पुरतो, गाईंसाठी लावलेला दाब अनेकदा याहून जास्त असतो. स्पंदनं शेळीला मिनिटाला ९०च्या आसपास, मेंढीला १२० ते १८०. रबरी लायनरला, म्हणजे सडावर बसणाऱ्या आतल्या नळीला, भेगा पडल्या असतील तर ते बदला, भेगांतले जंतू धुऊन जात नाहीत. मधेच हवा शिरल्याचा फुस्स आवाज येत असेल तर तोही धोका, कारण त्या झटक्याने दुधाचे थेंब उलटे सडात मारले जातात. म्हणूनच नळी काढण्याआधी दाब बंद करायचा, ओढून काढायची नाही. दूध संपल्यावर नळ्या तशाच लावून ठेवू नका. मापकाशिवाय दाब ठरवता येत नाही, तेव्हा इथे तंत्रज्ञ बोलवाच.

सातवी: आटवणं

व्यायच्या साधारण दोन महिने आधी आटवा. खुराक आधीच कमी करा, दूध उतरलं की धार थांबवा, शेवटच्या धारेनंतर सड औषधात बुडवा. मग "जरा हलकं करू" म्हणून अधूनमधून धार काढत राहू नका, त्याने दूधही चालू राहतं आणि सडही उघडा राहतो. कास ताणलेली दिसणं पहिले काही दिवस स्वाभाविक आहे. गरम, लाल किंवा एकाच बाजूने दुखरी झाली तर नाही.

आटवतानाच्या ट्यूबा कुणाला द्यायच्या हे पशुवैद्यक ठरवतील. सर्वांना सरसकट देण्यापेक्षा बाधित भागांना देणं बहुधा शहाणपणाचं. देताना सडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्याने बोळा स्वच्छ निघेपर्यंत पुसा, नळीचं टोक थोडंसंच आत घाला, आणि एक ट्यूब दोन भागांत किंवा दोन जनावरांत वाटू नका. घाईत दिलेली ट्यूब बाहेरचा जंतू थेट आत ढकलते. ट्यूब दिल्यानंतर काही दिवसांत उमटलेल्या केसेस मी आधी याच कारणावर तपासतो.

इथे थांबा, पशुवैद्यकांना बोलवा

सुरुवातीला सांगितलेली गंभीर लक्षणं सोडून आणखी काही वेळा स्वतःचे प्रयोग थांबवावेत. उपचार सुरू करून दोन दिवसांत कास उतरत नाही. तोच भाग पुन्हा सुजला. वरचं सगळं पाळूनही महिन्याभरात नव्या केसेस येतच आहेत. दूध आटण्याबरोबर कळपात सांधे सुजलेली आणि डोळे आलेली जनावरं दिसू लागली, म्हणजे मायकोप्लाझ्माचा संसर्गजन्य आजार असू शकतो. यांपैकी काहीही झालं तर औषध बदलत बसू नका, नमुना पाठवा.

नमुना प्रतिजैविक देण्याआधी घ्यायचा. सडाचं टोक स्पिरिटने पुसा, पहिल्या धारा सोडा, मग निर्जंतुक बाटली आडवी धरून थोडंसं दूध घ्या. टोपणाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका. बर्फात ठेवा आणि २४ तासांत प्रयोगशाळेत पोचवा, पोचणार नसेल तर गोठवा. जंतू कोणता आणि कोणत्या औषधाला मरतो हे कळल्यावर खर्च वाया जायचं थांबतं.

बाधित भागाचं दूध पिल्लांना किंवा माणसांना देऊ नका, उकळून सुद्धा नाही. स्टॅफिलोकोकसचा जंतू उकळल्याने मरतो, पण त्याने दुधात सोडलेलं विष उष्णतेला टिकतं. औषध चालू असताना दूध किती दिवस वगळायचं ते पशुवैद्यकांकडून लेखी घ्या. बऱ्याच ट्यूबा गाईंसाठी बनलेल्या असतात आणि वेष्टनावरचे दिवस शेळी-मेंढीला लागू पडत नाहीत.

राहता राहिली ती जनावरं ज्यांच्या कासेत आटवल्यावरही गाठी उरतात, किंवा जी दोन वेतांत तोच आजार दाखवतात. ऑरियस कासेत गाठ बांधून आत लपतो आणि औषध तिथवर पोचत नाही. अशी शेळी कितीही लाडकी आणि दुधाळ असो, तिला धारेच्या रांगेतून काढावं लागतं. ती रांगेत आहे तोवर पहिल्या वेताच्या शेळ्यांना धोका कायम राहतो. पैदाशीसाठी मागे ठेवायच्या पाठी (मादी करडं) तिच्या पोटच्या नकोत, विशेषतः तिची कास लोंबती असेल तर, कारण कासेची ठेवण मुलींमध्ये उतरते.